रोजवाल्यांच्या शिष्टरबाई

आमच्या शाळेत औषधाचा नवा डबा आला की शिष्टरबाई तो आधी स्वतः चाखून बघत. जंताचं औषध असो, खोकल्याचं असो, नाहीतर रक्तवाढीच्या लाल गोळ्या असोत. खिडकीशी उभ्या राहून गोळीला जिभेचं टोक लावायच्या, डोळे मिटून घ्यायच्या आणि थोड्या वेळानं निकाल द्यायच्या. "ही खडूवानी लागतिया. वाईट न्हाई." नाहीतर, "गंजका खिळा चोखल्यागत हाय. पानी दोन घोट जास्त घ्या रं." त्यांचा निकाल कधी चुकला नाही. तोवर मला भेटलेलं प्रत्येक मोठं माणूस औषध गोड आहे असंच सांगत आलेलं. कडू औषधाला कडू म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा तिथं बघितलं.

शाळा पौडहून ताम्हिणीकडं जाणाऱ्या रस्त्यावर होती, धरणाच्या पाण्याच्या अंगाला. सत्तरच्या दशकातली गोष्ट. शाळेला जोडून वसतिगृह होतं आणि घाटाकडच्या वाड्यावस्त्यांवरची मुलंमुली तिथं राहून शिकत. शिष्टरबाईंना दवाखाना म्हणून भाताचं बियाणं ठेवायची जुनी खोली दिलेली. एक खाट, एक पत्र्याची ट्रंक, सुया उकळायला स्टोव्ह. पांढरी साडी आणि पायात काळे गमबूट, असा त्यांचा वेष. गमबूट बारा महिने. भर उन्हाळ्यात कुणी विचारलं तर म्हणायच्या, "साप बी बारा म्हैने असत्यात."

त्या बोलायच्या मावळी, आमच्यासारख्याच. पण राग आला की एकदम पुस्तकातलं बोलायला लागत. त्यांच्या तोंडून 'आपण' हा शब्द आला की समोरच्यानं सावध व्हायचं.

ज्यांना रोज औषध लागायचं त्यांना त्या 'रोजवाले' म्हणत. आम्ही नऊ जण होतो. आजारी हा शब्द त्यांना चालायचा नाही. "आजारी मानूस खाटंवर असतंय. तुमी चालत आलाय न्हवं?" सकाळ-संध्याकाळ प्रार्थना झाली की रोजवाल्यांनी आपापला पेला पाण्यानं भरून दवाखान्यापुढं उभं राहायचं. शिष्टरबाई गोळी तळहातावर ठेवत. तोंडात कधी घालत नसत. "हात तुझा, तोंड तुझं. मी फकस्त उभी ऱ्हानार."

ह्या नियमामागचं कारण मला फार उशिरा कळलं. शिष्टरबाई कासारसाईच्या, बौद्ध घरातल्या. नव्यानं आल्या तेव्हा काही पालकांनी हेडमास्तरांना सांगितलं होतं की आमच्या पोरांनी ह्या बाईच्या हातचं पाणी प्यायचं नाही. त्या म्हणाल्या, "बरं. पानी ज्यानं त्यानं आणावं, गोळी मी देते." पालकांना वाटलं आपण जिंकलो. पण स्वतःच्या हातानं पाणी आणून स्वतः गोळी घेणारं मूल तक्रार कमी करतं, हे शिष्टरबाईंना आठवड्यातच दिसलं. पुढं ते पालक गप्प झाले, त्यांच्या हातचा चहासुद्धा प्यायला लागले, तरी पेल्याचा नियम त्यांनी मोडला नाही.

आणि त्या खरोखरच उभ्या राहत. तिसरीत एक मुलगा होता, छातीच्या आजाराचा. त्याच्या गोळ्या मोठ्या आणि जास्त. एके दिवशी त्यानं मूठ आवळली ती उघडेचना. पहिला तास सुरू झाला, संपला. दुसरा सुरू झाला. तो उभा आणि शिष्टरबाई उभ्या. दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते, समोरच्या डोंगराकडे बघत होते. हेडमास्तर फेरीला आले.

"शिष्टर, काय चाललंय हे?"

"आमी दोघं कामात हाय, सर."

"अहो, द्या ना ढकलून घशात."

"आज ढकलंन, उद्या ढकलंन. दीड वरीस कोन ढकलनार? सुट्टीत घरी गेल्यावं?"

हेडमास्तर मान हलवत गेले. दुसऱ्या तासाची घंटा झाली तेव्हा तो मुलगा म्हणाला, "शिष्टर, तुमचं पाय दुखत न्हाईत?"

"दुखत्यात की."

त्यानं मूठ उघडली आणि एकेक करत सगळ्या गोळ्या गिळल्या. त्या दिवसापासून तो सगळ्यांच्या आधी रांगेत असायचा. शिष्टरबाईंच्या पायांची काळजी त्यानं स्वतःवर घेतली होती.

माझी गोळी मात्र फिटची होती. दहाव्या वर्षी मला फिट यायला लागल्या. माझे वडील घाटरस्त्यावर मैलकुली. रस्त्याचे खड्डे भरायचे, दरड आली की दगड बाजूला करायचे. आमच्या घरानं सगळं करून पाहिलं. कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, देवऋष्यानं अंगाभोवती कोंबडं फिरवलं. शेवटी रस्त्यावरच्या मुकादमानं वडिलांना दटावून पुण्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी गोळी दिली, सकाळी एक, संध्याकाळी एक, न चुकता. सहावीत मी वसतिगृहात आले ती ह्या गोळ्यांची पुडी घेऊन.

गोळीनं फिट थांबल्या. पण गोळीनं झोप यायची. झोप म्हणजे डुलकी नव्हे. डोक्यात ओलं गोणपाट भरल्यासारखं व्हायचं. गणिताचे गुरुजी फळ्यावर उदाहरण घालायचे आणि मला आकडे दिसायचे, पण ते एकमेकांना चिकटत नसत. गुरुजींनी माझं नाव 'झोपाळूबाई' ठेवलं आणि वर्गानं ते उचललं. दोन महिने फिट आली नव्हती. मी मनाशी ठरवलं की मी आता बरी झाले आहे.

मग मी गोळी जिभेखाली ठेवायला शिकले. पेला तोंडाला लावायचा, घोट घ्यायचा, मान मागं टाकायची, आणि नंतर न्हाणीच्या मागं जाऊन जांभळाच्या झाडाच्या ढोलीत गोळी टाकायची. शिष्टरबाई कुणाचं तोंड तपासत नसत, त्यामुळं फसवणं अगदी सोपं होतं. अकरा दिवस मी हे केलं. डोकं हलकं झालं. भागाकार जमला. इतकी खूश मी त्या शाळेत आधी कधीच नव्हते.

बाराव्या दिवशी रविवार होता. आम्ही मुली ओढ्यावर कपडे धुवायला गेलो होतो. मला आठवतं ते एवढंच की हातातला परकर पाण्यात निसटला. पुढचं मैत्रिणीनं सांगितलेलं. मी पाण्यात तोंडावर पडले आणि तिनं मला वेणीला धरून ओढलं. शिष्टरबाई गमबुटांसकट पळत आल्या. स्वयंपाकाच्या मावशी कांदा घेऊन धावल्या तेव्हा शिष्टरबाई ओरडल्या म्हणे, "कांदा भाजीत टाका!" त्या दिवशी मला एकामागून एक तीन फिट आल्या. संध्याकाळी शुद्धीवर आले तेव्हा मी दवाखान्याच्या खाटेवर होते. शिष्टरबाई स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांच्या साडीचा काठ अजून ओला होता.

दोन दिवस त्यांनी मला काही विचारलं नाही. गोळ्या तेवढ्या पुन्हा सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या अंगात बसायचं बळ आल्यावर म्हणाल्या, "गोळी घेत व्हतीस?"

मी नाही म्हटलं. आता थोबाडीत बसणार म्हणून डोळे मिटले.

"का?"

"झोप येती."

"किती?"

ह्याचं उत्तर मला देता येईना. झोप किती येते हे कसं सांगायचं? मी रडायला लागले. त्यांनी पुडीतली एक गोळी काढून उजेडात धरली. मग म्हणाल्या, "मंग बघावं लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी गोळी घेतली तेव्हा त्यांनी तशीच एक स्वतःच्या तळहातावर घेतली. "असं कुनी करू ने," त्या म्हणाल्या. "नर्सनं तर मुळीच न्हाई. पन मला ठावं झाल्याबिगर मी तुला काय सांगू?" आणि त्यांनी ती गिळली. संध्याकाळी पुन्हा एक. असं तीन दिवस चाललं.

पहिल्या दिवशी त्या प्रार्थनेत उभ्या उभ्या डुलल्या. दुसऱ्या दिवशी रोजवाल्यांची रांग लागली आणि शिष्टरबाई टेबलावर डोकं ठेवून झोपलेल्या. छातीवाल्या मुलानं त्यांचा हात हलवला. "शिष्टर, गोळ्या." त्यांनी डोळे उघडले, आमच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "तुमी कोन?" आम्ही घाबरलो आणि मग हसू आवरेना. त्याही हसल्या.

तिसऱ्या दिवशीचा प्रसंग गणिताच्या गुरुजींनीच पुढं आम्हाला सांगितला. शिष्टरबाई शिक्षकांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, सहावीला दिलेलं येक गनित मला घाला." गुरुजींनी हौद आणि दोन नळांचं गणित घातलं. एका नळानं हौद भरतो, दुसऱ्यानं रिकामा होतो. शिष्टरबाई खडू घेऊन फळ्यासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ गेला. त्यांनी खडू खाली ठेवला.

"गुरुजी, मला हौद दिसतुया. नळ बी दिसत्यात. पन पानी कुटं चाललंय त्ये उमजंना." त्या खुर्चीवर बसल्या. "हे माजं तीन दिसांचं हाय. ती पोर दोन म्हैने ह्याच डोक्यानं तुमच्याकडं पन्नासात बावीस काढतिया. किती मार्क द्याल?"

गुरुजींनी मला पुन्हा झोपाळूबाई म्हटलं नाही. उलट संध्याकाळी मला बोलावून हौदाचं गणित नव्यानं समजावलं, आणि समजावताना दर दोन वाक्यांना "येतेय ना?" असं विचारत राहिले.

पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. हेडमास्तरांनी वडिलांना निरोप धाडला होता. ते आले आणि टोपी हातात घेऊन कार्यालयाच्या दाराशी उभे राहिले. मला आत बोलावलं. शिष्टरबाई बोलावल्याशिवायच आल्या. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. दीडशे मुलं सांभाळायची, एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला धरण. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती.

"हिला घेऊन जा," ते वडिलांना म्हणाले. "पोरगी हुशार आहे, पण उद्या धरणात पडली तर मी तुम्हाला काय तोंड दाखवू?"

"आपण तिला घरी पाठवाल," शिष्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांचं ते 'आपण' ऐकून मी भिंतीशी सरकले. "घरीही चूल आहे, विहीर आहे, अंगणाखाली दरी आहे. फक्त गोळी घेतलीस का, असं विचारणारं कुणी नाही."

"आणि तुम्ही तरी कुठं विचारलंत? अकरा दिवस तिनं तुम्हाला फसवलं. तोंड उघडून बघायला नको?"

शिष्टरबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "चूक माझीच आहे. पण तोंड तपासलं नाही ही नव्हे. झोप येते का, हे विचारलं नाही ही. मुलं औषध टाकतात ती वाईट असतात म्हणून नाही. त्यांच्याजवळ काहीतरी कारण असतं आणि ते त्यांना कुणी विचारत नाही. आपण मला दिवाळीपर्यंत वेळ द्या."

हेडमास्तरांनी वडिलांकडे बघितलं. माझे वडील फार बोलणारे नव्हते. त्यांनी टोपी दोनदा हातात फिरवली.

"साहेब," ते म्हणाले, "हिच्या आईला सांगून आलोय, पोरीला घिऊन येतो म्हनून. पन हितं आल्यावं कळलं, ह्या बाईनी माज्या पोरीची गोळी खाल्ली. आमच्या घरात हिच्या ताटातलं उरल्यालं बी कुनी खात न्हाई. भ्यात्यात." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "दिवाळीपस्तोर ऱ्हाऊ द्या तिला."

त्याच आठवड्यात शिष्टरबाई मला एसटीनं पुण्याला घेऊन गेल्या. डॉक्टरांना त्यांनी सगळं सांगितलं, स्वतः गोळ्या खाल्ल्याचंही. डॉक्टर माझ्यादेखत त्यांच्यावर ओरडले. नर्स असून असा वेडेपणा करता, काही झालं असतं म्हणजे? शिष्टरबाई शाळेतल्या मुलीसारख्या मान खाली घालून ऐकत होत्या. डॉक्टर थांबल्यावर त्यांनी मान वर केली.

"वरडून झालं असंल तर आता हिच्या झोपंचं बघा."

डॉक्टरांना हसू आलं. त्यांनी माझ्याशी खूप वेळ बोलून सगळं विचारलं आणि गोळीची वेळ बदलली. सकाळची बंद, सगळी मात्रा रात्री जेवणानंतर एकदमच. पंधरा दिवसांत माझ्या सकाळी मोकळ्या झाल्या.

परत आल्यावर शिष्टरबाईंनी जे केलं त्यानं हेडमास्तर पुन्हा हादरले. त्यांनी आठवड्याच्या गोळ्या एका पत्र्याच्या डबीत घातल्या आणि डबी माझ्याच हातात दिली. "आजपास्नं तुज्याकडं. आयतवारी रिकामी डबी दावायची." मी विचारलं, मी पुन्हा टाकल्या तर? त्या म्हणाल्या, "टाकशील तर तुला ठावं असंल. मला ठावं असून काय उपेग? मी काय जल्मभर तुज्या उशाला बसनार हाय?"

तीन रविवार डबी रिकामी गेली. चौथ्या रविवारी डबीत एक गोळी शिल्लक निघाली. गुरुवारी मी अभ्यास करता करता झोपून गेले होते. मी ती गोळी हातात घेऊन न्हाणीच्या मागं गेले, जांभळापाशी उभी राहिले आणि परत आले. दवाखान्यात जाऊन डबी तशीच टेबलावर ठेवली.

"येक ऱ्हायली," मी म्हटलं. "गुरुवारची. इसरले."

शिष्टरबाईंनी डबीत बघितलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मला काही कळेना. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "रिकामी डबी कुनी बी आनतंय. ऱ्हायल्याली गोळी घिऊन येनारी पोरगी मला पायजे व्हती." मग कागद घेऊन त्यांनी माझ्याबरोबर बसून ठरवलं की गोळी अभ्यासाच्या आधी घ्यायची, जेवणाचं ताट धुऊन झालं की लगेच. ताट कधी विसरत नाही, म्हणून गोळीही विसरणार नाही. माझी ती सवय आजही मोडलेली नाही.

दिवाळी आली आणि गेली. मला घरी न्यायचा विषय कुणी काढला नाही. दहावीला बसले तेव्हा शेवटची फिट येऊन दोन वर्षं झाली होती. गणितात मला त्र्याहत्तर मार्क पडले. गुरुजींनी पेढे वाटले, आणि पहिला पेढा मला न देता शिष्टरबाईंना दिला. मला त्याचा थोडा रागसुद्धा आला.

पुढं मी टायपिंग शिकले आणि पौडला एका कचेरीत नोकरीला लागले. डॉक्टरांनी गोळी कमी केली, पण बंद केली नाही. तोवर शिष्टरबाई निवृत्त होऊन कासारसाईला भावाकडे राहायला गेल्या होत्या.

माझ्या लग्नाचं बघायला लागल्यावर घरात भांडणं सुरू झाली. पहिल्या स्थळाला वडिलांनी फिटचं खरं सांगितलं आणि ती माणसं चहा न पिता उठली. मामा चिडला. "दुसऱ्यांदा तोंड उघडायचं न्हाई," तो म्हणाला. "आता कुटं फिट येत्यात? लगीन झाल्यावं बघू." आई रडत मामाच्या बाजूनं बोलायला लागली. मी सुट्टी काढून कासारसाईला गेले. शिष्टरबाई ओसरीत वाल निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं.

"मी सांगू त्येंला, का तू सांगतीस?"

"मीच सांगते. तुम्ही नुसत्या येऊन बसा."

दुसरं स्थळ माले गावच्या एका वायरमनचं होतं. बैठक आमच्या घरी. मुलगा, त्याची आई, चुलता. मामा हवापाण्यावर बोलत राहिला. मी चहा दिला, खाली बसले, आणि मुलाच्या आईनं माझं शिक्षण विचारायच्या आतच म्हटलं, "मला लहानपणी फिट यायच्या. आठ वर्षांत आलेली नाही, पण रोज रात्री गोळी घेते. पुढंही घ्यावी लागेल."

मामानं कपाळाला हात लावला. मुलाच्या आईनं कप बशीत ठेवला. चुलता दाराकडं बघायला लागला. माझे वडील खाली सतरंजीकडं बघत होते. तेवढ्यात तो मुलगा म्हणाला, "आली तर काय करायचं असतं?"

मामानं कपाळावरचा हात काढला.

"न्हाई म्हंजी," तो म्हणाला, "शॉक लागला तर काय करायचं ते आमाला शिकवलंय. हे न्हाई शिकवलं."

शिष्टरबाई कोपऱ्यातून उठल्या. साठीच्या घरात आलेली बाई, गुडघ्यावर हात टेकत टेकत खोलीच्या मधोमध आली आणि सतरंजीवर सरळ आडवी झाली.

"या हिकडं," त्या वर बघून मुलाला म्हणाल्या. "मला फिट आलीया असं समजा. आजूबाजूचं टोकदार, गरम काय असंल त्ये सारा. धरून ठिवायचं न्हाई. तोंडात चमचा, बोट, काय बी घालायचं न्हाई. घड्याळ बघा. पाच मिन्टाच्या वर गेली तर दवाखाना. झटकं थांबलं की कुशीवर वळवा. वळवा मला."

मुलगा आईकडं बघून उठला. शिष्टरबाईंशेजारी गुडघे टेकून बसला, चहाचे कप लांब सारले आणि एक हात त्यांच्या खांद्याला, एक कमरेला लावून त्यांना हळूच कुशीवर वळवलं. मग कुणी न सांगता त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी केली आणि त्यांच्या डोक्याखाली सरकवला.

शिष्टरबाई डोळे मिटून पडून होत्या.

"पोरी," त्या तशाच म्हणाल्या, "तुजं काय म्हननं हाय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तोवर ह्या लग्नाबद्दल मला तसं कुणी विचारलं नव्हतं.

"बाई, आधी तुम्ही उठा," मी म्हटलं.

"न्हाई उठत. आदी सांग."

मी त्या मुलाकडं बघितलं. तो अजून गुडघ्यावर बसलेला, हातातल्या घड्याळाकडं बघत होता. खरोखरच मिनिटं मोजत होता.

"मला पसंत आहे," मी म्हटलं. मग शिष्टरबाई उठल्या, पदर झटकला आणि मुलाच्या आईला म्हणाल्या, "च्या गार झाला असंल तुमचा. दुसरा टाकायला सांगू?"

ती बाई थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं आपला कप पुढं केला.